मोरटन-इन-मार्श ते परत मोरटन-इन-मार्श: १२-१३ किलोमीटरची गोल वाट, आणि मधेच गवतात एक मुघल घुमट

आईबाबा उन्हाळ्यात इकडे आले की पहिला महिना लंडन, विंडसर, ऑक्सफर्ड करण्यात जातो आणि मग प्रश्न पडतो की आता काय. बाबांना चालायला हवं असतं, आईला "गाव कसं असतं इथलं" ते बघायचं असतं, आणि आमच्याकडे गाडी नाही. तर ही वाट मी आत्तापर्यंत चार वेळा केलीय, एकदा नवऱ्याबरोबर, एकदा एकटीने, दोनदा आईबाबांना घेऊन, आणि दरवेळी कोणीतरी विचारतं की नक्की कसं जायचं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

जागा कॉट्सवोल्ड्समधली, म्हणजे ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडच्या टेकड्या-खेड्यांच्या भागातली, पण बसेस भरभरून लोक जातात ती बायबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर नाही. आपली वाट मोरटन-इन-मार्शच्या स्टेशनवरून सुरू होते, नैऋत्येला लाँगबरो, तिथून उत्तरेला सेझिनकोटच्या मोकळ्या पार्कमधून बोर्टन-ऑन-द-हिल, आणि तिथून पूर्वेला उतरत परत मोरटन. हो, बोर्टन दोन आहेत, एक पाण्यावरचं आणि एक टेकडीवरचं, आणि दोघांमध्ये बरंच अंतर आहे. कोणी मागाहून गाडीने येऊन भेटणार असेल तर त्याला पूर्ण नाव टाइप करायला सांगा, नाहीतर तो बदकांजवळ आइस्क्रीम खात बसेल आणि तुम्ही टेकडीवर वाट बघत.

अंतर सगळं मिळून साधारण साडेसात ते आठ मैल, म्हणजे १२-१३ किलोमीटर. रोज पर्वती चढणाऱ्या माणसाला चढ काहीच वाटणार नाही, पण अंतर वाटेल. नुसतं चालायला साडेतीन तास धरा, ज्येष्ठ मंडळी असतील तर साडेचार, आणि वर जेवण, चर्च, फोटो, बाबांचे प्रश्न मिळून सहा तास. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधार पडतो हे लक्षात ठेवा, हिवाळ्यात जायचं तर सकाळची पहिली-दुसरी ट्रेन पकडा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे टेन्शन नाही.

ट्रेनचं आधी बघून घ्या

लंडन पॅडिंग्टनवरून ऑक्सफर्डमार्गे वूस्टर-हेरफर्डकडे जाणारी गाडी मोरटनला थांबते, साधारण दीड ते पावणेदोन तास. साधारण तासाला एक गाडी असते, म्हणून परतीच्या दोन-तीन वेळा फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. महत्त्वाचं म्हणजे लंडनच्या सवयीने कार्ड टॅप करून बसू नका, कॉन्टॅक्टलेस आणि लंडनचं ऑयस्टर कार्ड इतक्या लांब चालत नाही, तिकीट आधी काढायला लागतं. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह मिळतं, ऑफ-पीकला, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून, तिकिटावर एक तृतीयांश सूट, त्यासाठी सवलतीचं रेलकार्डही लागत नाही. आम्ही चौघे असतो त्यामुळे हे आम्हाला फार उपयोगी पडतं आणि तरी अर्ध्या लोकांना हे माहीत नसतं. रविवारी रुळांची कामं चालू असण्याची शक्यता असते, मग मधल्या टप्प्यात बसमध्ये बसवतात आणि दिवसाची वाट लागते, तर शनिवार बरा. मंगळवारी मोरटनला मोठा बाजार भरतो, बाजार बघायचा असेल तर मुद्दाम मंगळवारी जा, गाडीने येणार असाल तर मंगळवार टाळा, पार्किंग मिळत नाही.

काय घ्यायचं

बूट. बाकी काहीही विसरलात तरी चालेल. मोरटनच्या आजूबाजूची सखल जमीन चिकणमातीची आहे, वर टेकडीवर गेलं की चुनखडीचा दगड. त्यामुळे पाऊस पडून गेला की पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात असा चिखल असतो की पाय उचलताना बूट मागेच राहतो. मी पहिल्यांदा फेब्रुवारीत ऑफिसला घालायचे स्पोर्ट्स शूज घालून गेले होते, एका गेटापाशी गुरांच्या पायांनी तुडवलेल्या चिखलात घोट्यापर्यंत गेले आणि उरलेले दहा किलोमीटर ओल्या मोज्यांत चालले. तर घोटा झाकणारे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट, जास्तीची मोजे जोडी, आणि परतीच्या ट्रेनसाठी साध्या चपला.

पँट फुल लांबीची घाला, ऊन असलं तरी. उन्हाळ्यात वाटेच्या कडेला नेटल वाढतं, आपल्या सह्याद्रीतल्या खाजकोलतीसारखंच, पोटरीला लागलं की अर्धा तास चुरचुरतं. इथले लोक डॉकचं रुंद पान चोळतात, मी चोळलं, काही विशेष फरक पडला नाही पण मनाला बरं वाटलं. आणि घरी आल्यावर गोचीड चिकटलाय का तेवढं पायांवर, गुडघ्यामागे बघून घ्या.

पाणी माणशी निदान एक लिटर, वाटेत नळ कुठेही नाही. खायला आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू नेतो. पबमध्ये खायचं असेल तरीसुद्धा डबा बरोबर असू दे, कारण खेड्यातल्या पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि त्यानंतर फक्त चिप्सचं पाकीट मिळतं. हे एका दुसऱ्याच वॉकवर, तीन वाजता, उपाशी आईसमोर कळलेलं ज्ञान आहे.

नकाशा म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर ओएल४५. कागदी घ्या किंवा त्यांच्या ॲपमध्ये आधी डाउनलोड करून ठेवा, नेटवर्क मधेमधे जातं. नकाशावर हिरव्या तुटक रेषा दिसतील, छोट्या तुटक म्हणजे फूटपाथ आणि लांब तुटक म्हणजे ब्रायडलवे, घोडे-सायकलींनाही चालणारी वाट. त्या हिरव्या रेषा म्हणजे तुमचा हक्क. गूगल मॅपच्या भरवशावर इथे जाऊ नका, ते तुम्हाला सरळ मोठ्या रस्त्याच्या कडेने चालवत नेतं.

शेतातून जायचं म्हणजे नक्की काय

आपल्या लोकांची खरी अडचण इथे होते, दमण्याची नाही. कोणाच्या तरी शेतात गेट उघडून शिरायचं हे मनाला पटत नाही. बाबा पहिल्या गेटापाशीच थांबले, "अगं मालक ओरडेल." तर ओरडत नाही, कारण फूटपाथ हा सार्वजनिक हक्काचा रस्ता असतो, जमीन खाजगी असली तरी. खांबावर पिवळा बाण असेल तर फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही. बाण ज्या कोनात आहे त्याच दिशेला शेत ओलांडायचं असतं, हे नीट बघा, बहुतेक चुका इथेच होतात, लोक बाण बघतात पण त्याचा कोन बघत नाहीत.

आणि पीक उभं असेल तर? वाट पिकाच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याने नांगरल्यावर साधारण दोन आठवड्यांत ती परत मोकळी करून द्यायची असते, शेताच्या मधून किमान एक मीटर रुंद. त्यामुळे गव्हातून किंवा त्या पिवळ्याधमक रेपसीडमधून पायवाट दिसली की तिच्यावरूनच जा, पीक वाचवायला म्हणून बांधाबांधाने लांबून जाल तर उलट चुकीच्या जागी शिरल्यासारखं होतं. बाबांना हे शेवटपर्यंत पचलं नाही, ते रेपसीडमधून जाताना अंग चोरून, हात छातीशी घेऊन चालत होते.

गेट जसं असेल तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. किसिंग गेट म्हणजे ते अर्धगोल कुंपणातलं झुलतं फाटक, एका वेळी एकच माणूस जातो, गुरं जाऊ शकत नाहीत. स्टाइल म्हणजे कुंपणावरून चढून पलीकडे उतरायची लाकडी पायरी. आई म्हणाली कोकणात आजोळी वाडीच्या तोंडाशी बेडं असायचं तसलंच हे, फक्त जास्त पॉलिश केलेलं. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी स्टाइलवरून उलटं तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरावं.

गाईंचं म्हणाल तर लांबून जा, गाय आणि वासराच्या मधून कधीच नाही. तरुण गोऱ्हे कुतूहलाने पळत येतात, पळू नका, शांतपणे कडेने चालत राहा. कुत्रा बरोबर असेल तर तो पट्ट्यावर, पण गुरं अंगावरच आली तर पट्टा सोडून द्या, कुत्रा त्याचं त्याचं बघतो.

टप्पा पहिला: मोरटन ते लाँगबरो, साधारण तीन मैल

स्टेशनमधून बाहेर पडलात की दोन-चार मिनिटांत हाय स्ट्रीट. हा रुंद सरळ रस्ता म्हणजे फॉस वे, रोमन लोकांनी आखलेला, आजही एक्झिटरकडून लिंकनकडे जवळजवळ फुटपट्टी लावल्यासारखा जातो. कोपऱ्यावर छोटा कर्फ्यू टॉवर आहे, १६व्या शतकातला, त्यातली घंटा १८६० पर्यंत वाजवायचे. मध्ये रेडस्डेल हॉल, तो १८८७ चा, म्हणजे इथल्या मानाने कालचा पोरगा. दुकानं खूप आहेत, आत्ता नका शिरू, परतताना शिरा. टॉयलेटला मात्र इथेच जाऊन घ्या.

दक्षिणेकडे तोंड केलं की उजव्या हाताला शेतांकडे जाणारी वाट शोधायची, नकाशावर मोनार्क्स वे लिहिलेली. बिल्ल्यावर एक जहाज, मुकुट आणि ओकचं झाड असतं. ही ६०० मैलांहून लांब वाट आहे, सप्टेंबर १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स वेश बदलून, ओकच्या झाडात लपून, शेवटी जहाजाने फ्रान्सला निसटला त्या पळण्याची. हे सांगितलं की मराठी माणसाच्या तोंडून एकच शब्द येतो, आग्रा. महाराज निसटले १६६६ मध्ये, १५ वर्षांनी. आणि गंमत पुढेच आहे, हाच चार्ल्स राजा झाला, पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरलं आणि आंदणात त्याला आपली मुंबई मिळाली, जी त्याने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. दहा पौंडात आज मोरटनला दोन कॉफी आणि एक स्कोन येतो.

वाट सपाट शेतांतून जाते आणि मग हळूहळू चढू लागते. चिखल इथेच सगळ्यात जास्त. बघण्यासारखं काही नाही असं वाटेल, पण कुरणात समांतर लांबलचक लाटा दिसल्या तर थांबा, त्या मध्ययुगातल्या नांगरटीच्या खुणा आहेत, जमीन पुढे मेंढ्यांना चरायला सोडली म्हणून टिकल्या. या भागाचा सगळा पैसा एके काळी लोकरीचा होता.

लाँगबरो आलं की दगड बदललेला जाणवतो. घरं, कुंपणं, चर्च, सगळं एकाच मधाच्या रंगाच्या चुनखडीचं. चुन्याशिवाय रचलेली दगडी कुंपणं हाताने लावलेली असतात, त्यावर बसू नका, दगड सुटतात. इथे पब आहे, आणि सेंट जेम्सच्या चर्चमध्ये कॉकरेल घराण्याचं स्मारक आहे, हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात तेच येणार आहे. हे छोटंसं गाव ऑपेरासाठी नावाजलेलं आहे, १९९१ पासून इथे उन्हाळ्यात ऑपेरा फेस्टिव्हल होतो, तेव्हा सूटबूट घालून शॅम्पेन घेऊन आलेले लोक आणि चिखलाने माखलेले आपण एकाच गल्लीत. जेवण इथेच उरकून घ्या, पुढे बसायला चांगली जागा असली तरी ती पार्कमधली खाजगी जमीन आहे, तिथे चादर अंथरून पसरणं बरं दिसत नाही.

टप्पा दुसरा: लाँगबरो ते बोर्टन-ऑन-द-हिल, सेझिनकोटमधून, साधारण अडीच मैल

माझ्यासाठी सगळी वाट याच टप्प्यासाठी आहे. म्हणूनच याच दिशेने जा म्हणते, उलट गेलात तर हा भाग दमल्यावर येतो.

लाँगबरोहून उत्तरेला जाणारी हार्ट ऑफ इंग्लंड वे पकडायची, ही १०० मैलांची वाट स्टॅफर्डशरमधून येऊन बोर्टन-ऑन-द-वॉटरला संपते, आपण तिचा तुकडाच वापरतोय. थोडी झाडी, एक-दोन गेटं, मग सेझिनकोटचं पार्क सुरू होतं, मोठमोठे ओक, मेंढ्या, तळं. आणि डाव्या हाताला झाडांमधून हिरवट तांब्याचा कांद्यासारखा घुमट वर येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला काही माहीत नव्हतं, मी खरंच डोळे चोळले. कोपऱ्यांवर छत्र्या, पुढे आलेले खोल छज्जे, आणि समोर इंग्लिश मेंढ्या. स्थानिक लोक नाव साधारण "सीझनकोट" असं म्हणतात, तुम्ही सेझिनकोट म्हणून विचारलंत तर समोरचा क्षणभर बघत राहील.

गोष्ट अशी. जॉन कॉकरेल हा कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात कमावून आलेला कर्नल, त्याने १७९५ मध्ये ही इस्टेट घेतली, तो तीनच वर्षांत गेला आणि ती भाऊ चार्ल्सकडे आली, तोही कंपनीतलाच पैसेवाला. तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल आर्किटेक्ट. १८०५ च्या सुमारास चार्ल्स आणि सॅम्युअल या दोघांनी घर बांधलं, बाहेरून मुघल आणि आतून तेव्हाच्या इंग्लिश फॅशनचं. बागेसाठी सल्ला थॉमस डॅनियलचा, तोच चित्रकार ज्याने पुतण्याबरोबर सगळा हिंदुस्थान फिरून चित्रं काढली आणि जो १७९३ मध्ये मुंबईलाही होता. म्हणून बागेत सूर्याचं देऊळ आहे, पुलावर नंदी बसलेत, आणि त्या पुलाचे खांब आपल्या घारापुरीच्या लेण्यातल्या खांबांवरून घेतलेत. १८०७ मध्ये युवराज, म्हणजे पुढचा प्रिन्स रीजंट आणि राजा चौथा जॉर्ज, इथे येऊन गेला आणि नंतर ब्रायटनला त्याने जो घुमटांचा पसारा मांडला त्यामागे हे घर आहे असं मानतात.

हे सगळं ऐकून आईने विचारलं, "म्हणजे आपल्या पैशातून बांधलं ना?" मी म्हटलं बहुतेक. ती म्हणाली, "मग बसूया जरा." आणि फूटपाथवरच्या ओकखाली दोन मिनिटं टेकलीच, माझं खाजगी जमिनीवरचं लेक्चर तिने ऐकलं नाही.

आता प्रॅक्टिकल. पार्कमधून जाणारा फूटपाथ फुकट आणि कायम खुला. घर आणि घुमट त्यावरून छान दिसतो, पण पूल, नंदी आणि देऊळ बागेत आहेत, त्याला तिकीट लागतं, आणि बागेचं प्रवेशद्वार वेगळीकडे आहे, फूटपाथवरून कुंपण ओलांडून शिरता येत नाही. बाग साधारण गुरुवार-शुक्रवारी आणि बँक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) सोमवारी दुपारी उघडी असते, हिवाळ्यात बंदही असते, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा. बाग करायची असेल तर दीड तास जास्तीचा धरा आणि वॉक गुरुवारी किंवा शुक्रवारी ठेवा. पार्कमध्ये बाण लांब लांब आहेत, एका गेटावरून पुढचं गेट शोधून मगच निघा.

जाता जाता एक, हा सॅम्युअल कॉकरेल याच भागात आणखी एक घर बांधून बसलाय, मोरटनच्या आग्नेयेला डेल्सफर्डला, वॉरन हेस्टिंग्जसाठी. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल, ज्याच्या काळात १७८२ चा सालबाईचा तह झाला, तोच. तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलंय, गेला ऑगस्ट १८१८ मध्ये. म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये बाजीराव शरण गेले ती बातमी बहुधा जहाजात असतानाच गेला. आपल्या वाटेवर हे येत नाही आणि घर खाजगी आहे, नुसतं सांगून ठेवलं.

बोर्टन-ऑन-द-हिल हे उतारावरचं गाव, मधून ए४४ हा मोठा रस्ता जातो आणि ट्रक जोरात येतात, झेब्रा क्रॉसिंग वगैरे शोधू नका, दोन्हीकडे नीट बघून ओलांडा, मुलं असतील तर हात धरून. सेंट लॉरेन्स चर्चमध्ये मात्र नक्की जा, भाग नॉर्मन काळातले (११-१२व्या शतकातले) आहेत पण त्यासाठी नाही, आत १८१६ सालची धान्याची सरकारी मापं ठेवलीत, विंचेस्टर बुशेल आणि पेक. चार पेक म्हणजे एक बुशेल. धान्याच्या मापावरून भांडण झालं की यात मोजून निकाल लावायचे. बाबांनी बघितलं आणि लगेच सुरू, चार शेर म्हणजे एक पायली, बारा पायल्या म्हणजे एक मण, सोळा... पुढे मी ऐकलं नाही, पण चर्चमधून त्यांना बाहेर काढायला वीस मिनिटं लागली आणि अख्ख्या इंग्लंडात त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे, टॉवर ब्रिज नाही. चर्चमध्ये दानपेटी असते, एक-दोन पौंड टाका. गावाच्या खालच्या टोकाला बोर्टन हाउस आणि १५७० चं भलंमोठं कोठार आहे, धान्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचे ते साठवायला, बाहेरूनही कल्पना येते.

टप्पा तिसरा: उतार, दोन मैलांच्या आसपास

ए४४ च्या उत्तरेच्या बाजूने बॅट्सफर्डकडे शेतांतून पूर्वेला उतरायचं, नकाशावर हिरवी रेषा बघून, आणि मग मोनार्क्स वेचं ते जहाज परत भेटतं, त्याच्यामागे गेलं की मोरटनच. ए४४ च्या कडेने चालत जायचा शॉर्टकट करू नका, लवकर पोचाल पण ट्रकांच्या वाऱ्यात. पाय शिल्लक असतील आणि एप्रिल किंवा ऑक्टोबर असेल तर बॅट्सफर्डचं आर्बोरेटम करा, ५६ एकर झाडं, जपानी चेरी आणि मेपल, जपानमध्ये राजदूतावासात काम केलेल्या मिटफर्ड नावाच्या माणसाच्या हौसेतून झालेलं. तिकीट आहे, आणि चहाची सोयही. आम्ही दोनदा ठरवून दोनदा सोडून दिलंय, कारण तोपर्यंत आईचा गुडघा बोलायला लागतो.

मोरटनला शिरल्यावर आधी ट्रेनची वेळ बघा, मग चहा. साडेचार-पाचला टीरूम आवरायला घेतात, त्यामुळे आधी स्कोन, मग दुकानं. स्टेशनवर बेंचवर बसून चिखलाचे बूट काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा आणि चपला घाला. ती पिशवी मात्र सीटखाली विसरू नका, बाबांची एक जोडी हेरफर्डहून पॅडिंग्टनला गेलेल्या गाडीत राहिलीय, आम्ही रेडिंगला उतरलो होतो.